बाण खाली लागतात तेव्हा

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या त्या बाईंना मुलं पाठीमागे 'का-बाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. "बाई, आकाश निळं का असतं?" असं कुणी विचारलं की त्या चष्म्याच्या वरून बघत म्हणायच्या, "तुला काय वाटतं, का असेल?" पाणी प्यायला जाऊ का विचारलं तरी म्हणायच्या, "का?" एकदा एका मुलानं वैतागून सांगितलं, "तहान लागली म्हणून, बाई. पाणी प्यायला दुसरं कारण लागतं का?" वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. धडा बाजूला राहिला आणि तहान का लागते यावर सगळा तास गेला. तो मुलगा मात्र घंटा होईपर्यंत तहानलेलाच बसला.

उत्तर सांगायचं नाही, हा त्यांचा नेम होता. उत्तर हातात दिलं की मूल तिथंच बसकण मारतं, पुढे चालत नाही, असं त्यांना वाटे. बाकीचे शिक्षक म्हणत, बाईंना उत्तरच येत नसेल. बाई ते ऐकून घेत. मात्र असं बोलणाऱ्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असली तरी उभ्यानं चहा पीत.

घरी त्या एकट्या, वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांची एकुलती मुलगी. जिना एकच. त्या जिन्यावरून दोघी बहिणी दिवसातून कितीदा तरी वर-खाली करत, पण समोरासमोर आल्या तर एक भिंतीकडे बघे आणि दुसरी कठड्याकडे. दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. कारण विचारलं असतं तर एकीलाही धड सांगता आलं नसतं. किंवा दोघींनी दोन निराळी कारणं सांगितली असती, आणि दोन्ही वडिलांपाशी येऊन थांबली असती.

वडील सुतार होते. खुर्च्या-टेबलांतून उरलेल्या लवचिक पट्ट्यांची धनुष्यं करून त्यांनी दोघी मुलींना परसात नेम धरायला शिकवलं. धाकटीचा बाण नेमका जाऊन बसला की ते तिची पाठ थोपटत. थोरली बाण सोडून विचारे, "बाबा, हा जाताना साप वळवळतो तसा का वळवळतो?" बाबा पटाशी खाली ठेवून तिच्याशी बोलत बसत. धाकटीला वाटे, माझ्या वाट्याला नुसती थाप, आणि हिच्या वाट्याला सगळी संध्याकाळ. थोरलीला वाटे, माझ्याशी बोलले खरे, पण अभिमानानं माझ्याकडे कधी बघितलं का? वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या हातची धनुष्यं केव्हाच वाळवीनं खाल्ली होती. हा हिशेब तेवढा दोघींनी जपून ठेवला होता.

धाकटी आता गावाबाहेरच्या धनुर्विद्येच्या मैदानावर कोच होती. सगळे तिला कोचच म्हणत, तिचा नवराही. तो कवळ्या बनवायचा. दाताचे डॉक्टर मापं पाठवत आणि हा दिवसभर जिन्याखालच्या खोलीत बसून दुसऱ्यांचे दात घासूनपुसून लख्ख करी. या दोन बहिणींच्या मध्ये आपल्या दातांमागची जीभ आवरून धरणं, हीच संसारातली खरी कारागिरी, असं तो मित्रांना सांगे.

शनिवारी दुपारी मैदान रिकामं असायचं. क्लबच्या म्हाताऱ्या सेक्रेटरींनी ती वेळ का-बाईंच्या मुलांना दिली होती आणि सामानाच्या खोलीची एक चावीही. ते बाईंच्या वडिलांचे मित्र, त्यामुळे कोचला त्यांच्यापुढे बोलता येईना. तिनं पाण्यात पाहायचं तेवढं पाहून घेतलं.

बाईंच्या आयुष्यात दुसरं काही फार उजळ होतं असं नाही, पण शनिवारची दुपार होती. वर्गात बाकाखाली पाय हलवत बसणारी मुलं इथं पाय रोवून उभी राहत. बाई म्हणायच्या, "दोरी ओढलीस. दमलास. ती मेहनत गेली कुठे?" मुलगा म्हणे, "दंडात." "दंडातून कुठे?" मुलं धनुष्याच्या वाकलेल्या पात्यांकडे बघत. "आणि बाण न लावताच दोरी सोडायची नाही, असं मी रोज ओरडते. का ओरडते?" जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक मुलगी होती. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "बाण नसला तर ती मेहनत जाणार कुठे? धनुष्यालाच परत मारेल." त्या दिवशी बाईंनी जिना चढताना कठड्याकडे तोंड फिरवलं नव्हतं. पण समोरून कुणी आलंच नाही.

सगळ्यात आवडता धडा होता चुकांचा. लक्ष्यावर बाण इथंतिथं विखुरले तर काय, आणि सगळे एकाच जागी, पण मधल्या पिवळ्यापासून लांब, घोळक्यानं बसले तर काय? याचं उत्तर काढायला मुलांना कितीतरी शनिवार लागले. शेवटी त्यांनीच सूत्र बांधलं आणि आपापसात गाण्यासारखं म्हणू लागली: विखुरले तर हात बघ, घोळका तर वस्तू बघ.

या मुलांत कोचची मुलगीही येई. घरात तिला बारकी म्हणत. बारकीचं अंग काडीसारखं, पण धनुष्य हातात आलं की ती जमिनीतून उगवल्यासारखी उभी राही. आईनं तिला लहानपणापासून घडवलं होतं. कोचची पद्धत वेगळी. खांदा असा, कोपर असं, श्वास इथं धरायचा. विचारायचं नाही, करायचं. धनुष्यावर नेम धरायची छोटी पट्टी असते, ती वर-खाली सरकवता येते. सगळे तिला साइट म्हणतात. त्या साइटला मुलांनी बोट लावायचं नाही, असा कोचचा कडक कायदा होता. अंतर बदललं की ती स्वतः येऊन साइट बसवी आणि स्क्रू आवळून जाई. "तुम्ही फक्त हात सांभाळा. बाकीचं डोकं माझं," असं ती म्हणे. तिची मुलं जिंकतही होती, त्यामुळे कोण काय बोलणार?

बारकीला मावशीकडे जाऊ देऊ नये असं कोचला फार वाटे. पण शाळेतली सगळी मुलं जातात, मग मुलीला अडवायचं कसं? जिल्ह्याच्या संघाच्या निवडीला थोडे दिवस राहिले, तेव्हा तिनं जिन्यातच बहिणीला गाठलं.

"ताई, एक सांगून ठेवते. रविवारी बारकीची निवड आहे."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग हेही माहीत करून घे. तिचं काही कमी-जास्त झालं तर तुझी ती शनिवारची जत्रा बंद. सेक्रेटरींना काय सांगायचं ते मी बघेन. तुझं एकही पोर मैदानात पाय ठेवणार नाही."

"जत्रा?"

"नाहीतर काय? एक बाण मारतात आणि अर्धा तास बडबडतात."

"तुझी मारतात आणि बडबडत नाहीत. कारण त्यांच्या डोक्यावर तू बसलेली असतेस."

दारामागे बारकीचे वडील कवळीला पॉलिश करत होते. पॉलिशचं मशीन त्यांनी जरा मोठं केलं.

निवडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बाईंनी बाणांची टोकं बदलायचा प्रयोग घेतला. बारकीच्या बाणांची टोकं स्क्रूची होती, फिरवून काढता येणारी. बाईंनी तसलीच, पण वजनाला जड टोकं आणली होती. दिसायला ती आधीच्या टोकांची जुळी भावंडं. एक तळहातावर ठेवलं आणि दुसरं दुसऱ्या तळहातावर, तरच फरक कळे. बारकीनं स्वतःच्या हातानं सगळ्या बाणांना जड टोकं लावली आणि नेम तोच ठेवून सोडले. बाण पिवळ्याच्या खाली, एकमेकांना चिकटून जाऊन बसले.

"घोळका," मुलं ओरडली. "वस्तू बघ."

"वस्तू बघितली," बारकी म्हणाली. "जड बाण सावकाश जातो, म्हणून वाटेत जास्त पडतो. बरोबर?"

"तुला काय वाटतं?"

"बरोबर वाटतं. पण मावशी, मग आता पिवळ्यात आणायचे तर साइट वर न्यायची की खाली?"

प्रश्न चांगला होता. साधा वाटणारा आणि फसवणारा. बाईंना तो इतका आवडला की त्यांनी तो खिशात घातल्यासारखा जपून ठेवला. "सांगणार नाही. घरी विचार करा. पुढच्या शनिवारी बोलू."

"वरच असणार," चष्मेवाली म्हणाली. "बाण वर न्यायचे तर साइट वर."

"असं?" बाई म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. कोच ठरल्या वेळेच्या आधीच आली होती. "चला, आवरा. उद्याची मांडणी करायची आहे. ही बडबडीची सभा घरी भरवा." बाईंनी म्हटलं, आमची वेळ अजून आहे. कोच म्हणाली, वेळ माझ्या मैदानाची आहे. मुलांसमोर शोभा नको म्हणून बाईंनी मुलांना बाहेर काढलं. बारकीनं बाण उपसून भात्यात टाकले. हलकी टोकं बाईंच्या पिशवीत तळाशी राहिली. रागात माणसाला पिशवी जड लागत नाही. हलकी तर मुळीच लागत नाही.

रविवारी ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. मैदानाच्या मागच्या बाजूला दोरी बांधली होती. पालक आणि प्रशिक्षकांनी दोरीच्या मागे थांबायचं, फेरी चालू असताना एक शब्दही बोलायचा नाही, असा निवड करणाऱ्यांचा नियम. दोरीच्या एका टोकाला कोच, दुसऱ्या टोकाला का-बाई. मधे कोचचा नवरा, दातवाला, दोघींपासून सारखाच लांब.

सरावाचे बाण सुटले. बारकीचे खाली लागले. फेरी सुरू व्हायच्या आधी कोचनं तिला दोरीपाशी बोलावून घेतलं. "डावा हात पाडतेयस. घाबरलीस की नेहमी पाडतेस. हात वर. आणि साइटला हात लावायचा नाही, काल मी बसवलीय."

बारकीनं मान डोलवली. पहिल्या फेरीतही बाण खालीच. बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बाण विखुरलेले नव्हते. सगळे एका मुठीत मावतील असे, पिवळ्याखाली. कालच्यासारखे. अगदी कालच्याच जागी. त्यांचा हात आपोआप पिशवीच्या तळाशी गेला, आणि बोटांना ती टोकं लागली.

दुसरी फेरी. तिसरी. बारकी हात वर धरत होती, खांदा ताणत होती, आईनं सांगितलं ते सगळं करत होती. त्यानं घोळका थोडा सैल झाला, पण वर आला नाही. बाणांवरून नजर उचलून ती एकदा आईकडे बघे, एकदा मावशीकडे.

मधल्या विश्रांतीत मुलं पाणी प्यायला दोरीपाशी आली. कोच तेव्हा निवड करणाऱ्यांपाशी गेली होती, दुसऱ्या एका मुलाच्या कसल्याशा तक्रारीसाठी. बारकी सरळ मावशीकडे आली. ओठ कोरडे पडलेले. पाण्याची बाटली हातात होती, पण ती उघडली नव्हती.

"मावशी, हात नाहीये. घोळका आहे."

"हं."

"कालची टोकं आहेत ना? बदलायची राहिली."

"हो." पिशवीतलं बाईंनी काही काढून दाखवलं नाही. फेऱ्या सुरू झाल्यावर बाणात बदल करायला मनाई होती. साइट हलवायला मात्र नव्हती.

"मग साइट हलवते. आई काय म्हणायचं ते म्हणू दे. वर की खाली?"

बाईंना उत्तर माहीत होतं. एक शब्द होता, दोन अक्षरांचा. तो जिभेवर आलाही. पण त्याच वेळी लांब उभी असलेली बहिणीची पाठ त्यांना दिसली, ताठ, सगळ्यांची डोकी स्वतःच्या खांद्यांवर घेऊन उभी असल्यासारखी. आणि त्यांना वाटलं, हिच्या मुलीनं हे स्वतःच्या डोक्यानं सोडवावं, इथं, सगळ्यांसमोर, हिच्या डोळ्यांदेखत. म्हणजे हिला कळेल. त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं की ती सवय होती, इतक्या वर्षांची तोंडात बसलेली सवय. सवय होतीच. पण सवयीत एवढा गोडवा नसतो.

त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

बारकी त्यांच्याकडे बघत राहिली. मग बाटली तशीच खाली ठेवून रेषेवर गेली.

तिनं साइटचा स्क्रू सैल केला आणि पट्टी वर सरकवली. बाण वर न्यायचे तर साइट वर. पहिला बाण लक्ष्याच्या निळ्या पट्ट्याच्याही खाली गेला. दुसरा त्याबाहेरच्या काळ्यात. तिसरा लक्ष्याच्या कडेला जेमतेम अडकला. दोरीमागे कुणीतरी चुकचुकलं. कोच परत आली होती, आणि साइटवरचं मुलीचं बोट तिनं पाहिलं होतं. नियम होता म्हणून ती ओरडली नाही. तिनं दोरी दोन्ही हातांनी पिळली.

बारकी खाली मान घालून उभी राहिली. वेळ जात होता. तिनं धनुष्य डोळ्यांसमोर धरलं, नुसतंच, बाण न लावता. दोरी न ओढता साइट पिवळ्यावर आणली. मग पट्टी खाली सरकवून पुन्हा पिवळ्यावर आणली. पट्टी खाली गेली की तिला पिवळ्यावर ठेवायला हात वर उचलावा लागत होता. हात वर, म्हणजे बाण वर. बाईंनी तिच्या पाठीवरूनच ओळखलं की तिला कळलंय. पुढचा बाण पिवळ्यात गेला. त्यानंतरचे सगळे पिवळ्यात गेले, एकमेकांच्या अंगाला अंग लावून.

पण आधीचं भरून निघण्यासारखं नव्हतं. नावं वाचली, त्यात बारकीचं नव्हतं.

सामानाच्या खोलीपाशी कोचनं मुलीला धरलं. आजूबाजूला लोक होते, म्हणून आवाज खालचा होता, आणि तो खालचा आवाज ओरडण्याहून वाईट होता.

"साइटला हात लावलास."

बारकी धनुष्याची दोरी उतरवू लागली.

"कुणी सांगितलं लावायला? मी काय सांगितलं होतं? हात पाडत होतीस, तो सावरला असतास तर निवडीत आली असतीस. आली असतीस की नाही? स्वतःच्या शहाणपणानं घालवलंस. वर्षाची मेहनत मातीत घातलीस."

"अगं, जाऊ दे ना," दातवाला म्हणाला.

"तुम्ही मधे पडू नका."

बारकीनं आईच्या खांद्यावरून मावशीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. मावशी काय करते ते पाहायचं होतं, प्रयोगाचं काय होतं ते बघावं तसं. बाईंना कळत होतं की गप्प बसलं तर काही होणार नाही. कोचला टोकांचा पत्ता नव्हता. सगळं खापर साइटवर आणि पोरीवर फुटलं होतं. शनिवार त्यांचा राहिला असता, चावी खिशात राहिली असती. चष्मेवाली पुढच्या शनिवारी उत्तर घेऊन आली असती.

"तिचा हात पडत नव्हता," बाई म्हणाल्या. पिशवीतून टोकं काढून त्यांनी बहिणीसमोर धरली. "बाणांना जड टोकं आहेत. काल माझ्या तासाला लावली होती. बदलायची राहिली."

कोचनं भात्यातून एक बाण ओढून काढला, टोक फिरवून उतरवलं आणि तळहातावर तोललं. मग बहिणीच्या हातातलं एक उचलून दुसऱ्या तळहातावर. तिच्या चेहऱ्यावर राग यायला थोडा वेळ लागला. आधी दुसरंच काहीतरी आलं. वडिलांनी लाकूड हातात तोलून बघावं तशी ती उभी होती. मग राग आला.

"राहिली," ती म्हणाली. "बदलायची राहिली."

"तू आम्हाला हाकललंस म्हणून राहिली."

"हो, मीच. सगळं मीच. तुझ्या पिशवीतली टोकं मीच विसरले. चावी दे."

बाईंनी चावी दिली. उखाळ्यापाखाळ्या काढायला दोघींकडे पुष्कळ होतं, पण कोच वळून चालूही लागली होती. दातवाला तिच्यामागे गेला.

बारकी थांबली होती.

"तुझ्या लक्षात कधी आलं, मावशी?"

"पहिल्या फेरीला."

"आणि वर की खाली, ते?"

"ते मला आधीपासून माहीत आहे."

"मी विचारलं होतं तुला." तिचा आवाज सपाट होता, आईसारखा. "ती शाळा नव्हती. मला तेव्हा शिकायचं नव्हतं."

"तू काढलंस ना पण शेवटी," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं.

"काढलं," बारकी म्हणाली. "आता काय करू त्याचं?"

त्या आठवड्यात जिन्यावर बारकी भेटली तर भिंतीकडे बघायची. घरातली ही रीत तिनं लवकर उचलली. शुक्रवारी दातवाला वर आला, कवळीच्या रिकाम्या डबीत ती जड टोकं घेऊन. "बारकीनं दिलंय, ताई," तो म्हणाला. "पुसून दिलंय." तो जरा घुटमळला. "घरात सध्या एवढे दात आहेत, पण हसायला कुणी वापरत नाही." बाईंनी डबी घेतली. चहा विचारला. तो नको म्हणाला, आणि खालून पुन्हा मशीनचा आवाज सुरू झाला.

शनिवारी दुपारी मुलं नेहमीप्रमाणे फाटकाशी जमली. फाटकाला नवं कुलूप होतं. आत लांबवर कोचची मुलं ओळीनं उभी होती आणि त्यांच्यात एक काडीसारखी आकृती होती. तिनं धनुष्य खाली घेतलं, आईकडे न बघता साइटचा स्क्रू फिरवला, पुन्हा उचललं. कोच दोन पावलं मागे उभी होती. तिनं ते पाहिलं आणि काही म्हणाली नाही. फाटकाकडे तिनं पाहिलं नाही.

"बाई, मैदान बंद का?" चष्मेवालीनं विचारलं. तिच्या हातात दोरा बांधलेली एक काडी होती, आठवडाभर घरी काहीतरी करून पाहिल्याची खूण. बाकीची मुलं बाईंच्या तोंडाकडे बघू लागली. आता काय येणार ते त्यांना पाठ होतं. एकानं तर ओठांनी आधीच म्हणून टाकलं, तुला काय वाटतं.

"माझ्यामुळे," बाई म्हणाल्या.

मुलं थांबली. पुढचा प्रश्न येईल म्हणून थांबली. तो आला नाही.

"आणि साइट खाली न्यायची," बाई म्हणाल्या. "बाण खाली लागत असतील तर खाली."

चष्मेवालीचा चेहरा पडला. "मी काढलं होतं, बाई," ती म्हणाली. "सांगू नका ना."